पाटीवरचं नाव आणि मातीतले हात

गेल्या फेब्रुवारीत अम्मी-अब्बा पहिल्यांदाच माझ्याकडे मोहालीला आले. मी इथे एका सॉफ्टवेअर कंपनीत नोकरी करते. आमचं घर पश्चिम महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याच्या ठिकाणी, बागवान गल्लीत. अब्बांची मंडईबाहेर फळांची गाडी आहे. दोन दिवसांत त्यांनी माझा फ्लॅट, माझं ऑफिस (बाहेरून) आणि शेजारचा मॉल पाहून घेतला आणि तिसऱ्या दिवशी सकाळी विचारलं, "अब क्या देखना?" नेमका त्याच आठवड्यात चंदीगडचा रोझ फेस्टिव्हल होता. म्हटलं, चला, गुलाब बघू.

सेक्टर १६ मधली ही बाग साधारण ३० एकरांची आहे. फेब्रुवारीच्या अखेरीस उत्तरेतली थंडी उतरणीला लागते, धुकं जातं आणि छाटलेल्या गुलाबांना एकदम बहर येतो. त्या दिवसांत इथे दरवर्षी हा उत्सव भरतो. कापलेल्या फुलांच्या स्पर्धा, कुंड्यांची मांडणी, बँड, खाण्याच्या गाड्या, आणि हजारो माणसं. वाफ्यावाफ्यांत शेकडो जातींचे गुलाब. मधूनमधून बेहडा, हिरडा, बेल, कापूर अशी औषधी झाडं. प्रवेशद्वाराशी पाटी आहे: झाकिर हुसेन रोझ गार्डन.

अब्बा पाटीसमोर थांबले. हिंदी अक्षरं त्यांनी सावकाश, एकेक करून वाचली. मग म्हणाले, "अपने झाकिर हुसेन? वो प्रेसिडेंट थे सो?" मी हो म्हटलं. त्यांनी लगेच फोटो काढायला लावला. फोटो निघाला, आणि ते म्हणाले, "पाटी पे नाव है सो अच्छा है. पन पानी कौन डालता रे इसको?"

ते हसत बोलून पुढे गेले. माझ्या डोक्यातून मात्र तो प्रश्न जाईना. हा लेख त्याच प्रश्नासाठी.

खुंटाचा फुटवा

आत गेल्यावर आमची तिघांची तीन वेगळी बाग झाली. मी मोबाइलमधून बघत होते. अम्मी लोकांना बघत होती. अब्बा झाडांच्या बुडाशी बघत होते. एवढी मोठी, तळहाताएवढी फुलं वर डुलत होती आणि हा माणूस गुडघे टेकून खोडाकडे पाहतोय! मी ओशाळून इकडेतिकडे पाहिलं.

सांगायला हवं की माझे दादा, म्हणजे अब्बांचे वडील, एका रोपवाटिकेत गुलाबाला डोळे भरायचं काम करायचे. शेकड्यावर मजुरी मिळायची. जंगली जातीच्या खुंटाच्या सालीला टी आकाराची चीर द्यायची, हव्या त्या जातीच्या फांदीवरचा डोळा सालीसकट अलगद काढायचा, चिरेत बसवायचा आणि पट्टी बांधायची. पट्टी सैल राहिली तर डोळा वाळतो, पाणी आत गेलं तर कुजतो. अब्बा लहानपणी शाळा बुडवून हे काम शिकले. पुढे रोपवाटिका बंद पडली आणि अब्बा गाडीवर आले.

तर अब्बा बुडाशी काय शोधत होते? खुंटाचा फुटवा. कलमाच्या जोडाखालून कधीकधी खुंटाची स्वतःची फांदी फुटते. ती जोमदार असते, सरळ वाढते, नवख्याला वाटतं झाड छान फोफावलंय. पण ती जंगली जातीची असते. वेळीच काढली नाही तर सगळी ताकद ओढून घेते, वरचं कलम हळूहळू वाळतं, आणि दोन वर्षांनी मालक म्हणतो, लाल गुलाब लावला होता, पांढरी बारीक फुलं कशी येतात?

अब्बांना एका झाडाला असा फुटवा दिसला. त्यांनी तिथल्या माळ्याला हाक मारून दाखवला. माळी पूर्व उत्तर प्रदेशातला. तो खाली बसला, माती बाजूला केली, आणि मग दोघांचं जे सुरू झालं ते अर्धा तास संपलं नाही. एकाची दख्खनी, दुसऱ्याची भोजपुरी. खुंट कुठला वापरता, छाटणी कधी करता, आमच्याकडे ऑक्टोबरात करतात, पंचेचाळीसेक दिवसांत फूल येतं, तुमच्याकडे थंडी जास्त म्हणून उशीर होत असेल. माझ्या वडिलांना एखाद्या अनोळखी माणसाने इतक्या आदराने प्रश्न विचारलेले मी आयुष्यात पहिल्यांदा पाहिले.

आणि नेमके तेव्हाच माझ्या ऑफिसातले तिघंजण समोर आले.

"बिझनेस"

इथे एक कबुली देते. ऑफिसात मी सांगितलं होतं की वडिलांचा फ्रूट ट्रेडिंगचा बिझनेस आहे. हातगाडीला ट्रेडिंग म्हटलं तर शब्दकोशाच्या दृष्टीने चूक नाही, पण मी ते का म्हटलं हे मला माहीत होतं. शाळेत माझ्या आडनावावरून मला "केळेवाली" म्हणायचे. बारावीनंतर मी ठरवलं होतं की आडनाव फक्त फॉर्मवर लिहायचं.

सहकाऱ्यांपैकी एकीने अब्बांना विचारलं, "अंकल, आप हॉर्टिकल्चर में हैं?" अब्बांना शब्द कळला नाही. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी सांगू शकले असते की हो, त्यातच आहेत. त्याऐवजी मी म्हटलं, "अब्बा मंडईत फळांची गाडी लावतात. आजोबा कलमं बांधायचे. आमचं आडनावच बागवान आहे. बागवान म्हणजे बाग राखणारा."

काही आभाळ कोसळलं नाही. ती म्हणाली, "अच्छा!" आणि तिच्या बाल्कनीतल्या गुलाबाला पानंच पानं येतात, फूल येत नाही, त्याचं काय करायचं, हे विचारायला लागली. अब्बांनी विचारलं, ऊन किती तास येतं?

हा प्रसंग मी माझं कौतुक व्हावं म्हणून सांगत नाही. दहा वर्षं जे लपवलं ते अर्ध्या मिनिटात सांगता आलं, यात कौतुकासारखं काही नाही. पण सोलापूर, सातारा, कराड, सांगली, कोल्हापूर, पुणे इथल्या माझ्यासारख्या किती मुलामुलींनी बागवान, तांबोळी, अत्तार, मणियार, पिंजारी ही आडनावं अशीच फॉर्मपुरती ठेवली आहेत? ओबीसीचा दाखला काढायला ती चालतात, ओळख करून देताना चालत नाहीत. यातलं प्रत्येक आडनाव एका हुनराचं नाव आहे. पानाची पारख, अत्तराचं गाळप, बांगडी, कापूस, कलम. आपण शिकलो तेव्हा त्या हुनरापासून पळायचं असतं एवढंच आपल्याला शिकवलं गेलं.

आणि गंमत बघा, ज्यांच्या नावाची पाटी पाहून आपण छाती फुगवली, त्या झाकिर हुसेन यांचं म्हणणं अगदी उलट होतं.

वर्धा ते जालंधर ते चंदीगड

ऑक्टोबर १९३७ मध्ये आपल्या वर्ध्यात गांधीजींनी शिक्षण परिषद बोलावली. हाताच्या कामातून शिक्षण, ही कल्पना तिथे चर्चेला आली. तिचा अभ्यासक्रम तयार करायला जी समिती नेमली तिचे अध्यक्ष होते जामिया मिल्लियाचे कुलगुरू डॉ. झाकिर हुसेन. वय चाळीस. बर्लिनहून अर्थशास्त्रात डॉक्टरेट घेऊन आलेला माणूस. सूतकताई, सुतारकाम, शेती, बागकाम ही कामं शाळेच्या मधोमध आणायची, कारण हात आणि डोकं वेगळं शिकवलं की दोन्ही अर्धवट राहतात, हा त्या योजनेचा गाभा. ही योजना पुढे नई तालीम म्हणून ओळखली गेली.

आता दहा वर्षं पुढे या. ऑगस्ट १९४७. झाकिरसाहेब रेल्वेने काश्मीरला निघाले होते. जालंधर स्टेशनवर जमावाने त्यांना घेरलं. मरणच समोर होतं. एका शीख लष्करी अधिकाऱ्याने आणि रेल्वेच्या माणसांनी त्यांना वाचवलं. जालंधर पंजाबात, चंदीगडहून काही तासांच्या अंतरावर.

आणखी वीस वर्षं पुढे. मे १९६७ मध्ये ते भारताचे राष्ट्रपती झाले, या पदावरचे पहिले मुस्लिम. त्याच वर्षी चंदीगडमध्ये, वनस्पतिशास्त्र जाणणारे प्रशासक एम. एस. रंधावा यांच्या पुढाकाराने गुलाबांची ही बाग उभी राहिली आणि तिला झाकिर हुसेन यांचं नाव मिळालं. झाकिरसाहेब स्वतः गुलाबवेडे होते. राष्ट्रपती भवनाच्या बागेत त्यांनी गुलाबाच्या कितीतरी जाती आणल्या. ३ मे १९६९ रोजी पदावर असतानाच ते गेले.

चंदीगड हे शहरच मुळी फाळणीमुळे जन्माला आलं. लाहोर गेलं, पंजाबला राजधानी हवी होती. ज्यांची घरं जळाली होती, नातेवाईक मारले गेले होते, असे निर्वासित या शहरात राहायला आले. त्या जखमेला वीस वर्षंच झाली होती. अशा शहराने आपल्या सर्वांत सुंदर बागेला एका मुसलमानाचं नाव दिलं, ज्याला त्याच पंजाबात जमावाने मारायला घेतलं होतं. आज दरवर्षी पगड्या बांधलेले सरदारजी, त्यांच्या नातवंडांसह, त्या नावाखालून आत जातात आणि कुणाला काही वावगं वाटत नाही. मी हे पाहिलं. तुम्हीही एकदा पाहा. टीव्हीवरच्या चर्चा ऐकून जे मन आंबतं ते थोडं निवळतं.

नाव जातं तेव्हा

आता दुसरी पाटी. २८ जानेवारी २०२३ ला राष्ट्रपती भवनातल्या मुघल गार्डनचं नाव अमृत उद्यान झालं. त्या दिवशी माझ्या फोनवरचे सगळे ग्रुप पेटले होते. मीही दोन मेसेज पुढे ढकलले होते.

मला वाईट वाटलं होतं आणि वाटणं चूक नव्हतं. नाव म्हणजे नुसती पाटी नसते. एखाद्या गोष्टीवर तुमचाही हात लागला होता, याची ती नोंद असते. ती नोंद पुसली की पुढच्या पिढीला वाटतं, हे लोक इथे कधी नव्हतेच. ज्यांना नामांतराची झळ लागत नाही त्यांनी "नावात काय आहे" असं आम्हाला सांगू नये.

पण अब्बांचा प्रश्न मला सोडत नाही. ती बाग लुटियन्स या इंग्रजाने आखली, मुघल चारबागेची चौकट आणि पाण्याचे पाट घेऊन. मस्टो या इंग्रज बागतज्ज्ञाने ती लावली. तिच्यात मशागत करणारे हात इथल्याच माळ्यांचे. नाव बदललं तरी पाट त्याच जागी आहेत, गुलाब त्याच वाफ्यांत आहेत. चारबागेची आखणी पाटी काढून निघत नाही. मग त्या दिवशी संतापलेल्या आपल्यापैकी किती जणांना चारबाग कशी आखतात हे माहीत होतं? किती जणांनी त्या वर्षी एक गुलाब लावला? मी नाही लावला. वारशाचा आपला हक्क आपण फक्त तो हिसकावला जातो तेव्हा आठवतो. एरवी तो वारसा आपल्याच घरात, वडिलांच्या हातात असतो, आणि आपण त्याला "बिझनेस" म्हणतो.

शुद्ध गुलाब नावाचा गुलाब नाही

बागेत फिरताना अब्बांची एक तक्रार सतत होती: "इसको बास नहीं." मोठी, टिकाऊ, देखणी फुलं, पण नाक जवळ नेलं तर पुष्कळांना वासच नाही. आकार आणि टिकाऊपणा यांच्यामागे लागून जाती तयार करताना अनेकांचा सुगंध हरवला, हे खरंच आहे. अब्बांचा गुलाब म्हणजे देशी गुलाब, ज्याचा गुलकंद होतो, अत्तर निघतं, दर्ग्याच्या चादरीत जो ओवला जातो.

पण तो "देशी" गुलाबसुद्धा नावाने दमास्कसचा, आणि मुळात दोन-तीन जातींच्या संकरातून आलेला. गुलाब हा शब्द फारसी, गुल आणि आब, फूल आणि पाणी. युरोपातले जुने गुलाब बहुतेक वर्षातून एकदाच फुलायचे. अठराव्या शतकाच्या अखेरीस चीनचे गुलाब तिकडे पोहोचले आणि संकरातून वारंवार फुलण्याचा गुण आला. १८६७ मध्ये फ्रान्समध्ये 'ला फ्रान्स' नावाचा गुलाब आला, तेव्हापासून आजच्या हायब्रिड टी गुलाबांचा काळ मोजतात. भारतात हेच काम गव्हाचे मोठे शास्त्रज्ञ डॉ. बी. पी. पाल यांनी केलं. एकीकडे देशाचा गहू सुधारला, दुसरीकडे गुलाबाच्या कितीतरी जाती निर्माण केल्या.

म्हणजे प्रदर्शनात पहिला नंबर मिळवणारा प्रत्येक गुलाब मिश्र आहे, आणि तो उभा आहे दुसऱ्याच जातीच्या मुळांवर. देशात शुद्धीची भाषा बोलणारे आहेत, तसे आपल्यातही आहेत. कुणी म्हणतं तुमची दख्खनी अस्सल उर्दू नाही, कुणी म्हणतं घरात मराठी बोलता म्हणजे दीन कच्चा. अशा माणसाला मी यापुढे वाद घालणार नाही. गुलाबाची कलम दाखवीन.

दुर्मिळ म्हणजे काय

कुंड्यांच्या दालनात निवडुंग, बोन्साय, मांसल पानांची चमत्कारिक रोपं होती. लोक किंमती विचारत होते. दुर्मिळ म्हणजे महाग आणि परदेशी, असा आपला समज. मला आठवली आपली शिंदळ माकुडी. सह्याद्रीच्या उभ्या कड्यांवर, शिवनेरीसारख्या किल्ल्यांच्या कपारीत वाढणारी, तांबूस चांदणीसारखं फूल देणारी ही छोटी वनस्पती महाराष्ट्राबाहेर निसर्गात सापडत नाही. जगातल्या अत्यंत संकटग्रस्त वनस्पतींच्या यादीत तिचं नाव आलं होतं. आणि नवल असं, की ती नाजूक नाही. तिची छाट कुंडीत सहज मुळं धरते. तिला कमतरता आहे ती सुरक्षित जागेची.

आपल्या मोहल्ल्यांतली मुलं मला अशीच वाटतात. त्यांच्यात उणीव शोधणारे पुष्कळ आहेत. जागा किती आहे, हे कुणी मोजत नाही.

जागेवरून अम्मीची गोष्ट सांगते. दुपारी आम्ही हिरवळीवर बसलो. अम्मीने चप्पल काढली, पाय लांब केले, आणि दहा मिनिटांनी विचारलं, "अब क्या करना?" मी म्हटलं, काही नाही, बसायचं. ती म्हणाली, "खाली बैठना?" पन्नाशी उलटलेल्या माझ्या आईला बागेत नुसतं बसायचं असतं हे माहीत नव्हतं. ती दवाखान्यात बसली आहे, रेशनच्या रांगेत बसली आहे, मयतीला बसली आहे. बागेत कधी बसली नाही, कारण आमच्या वस्तीपासून चालत जाता येईल अशी बागच नाही. बागेसाठी राखलेला एक तुकडा आहे असं मी लहानपणापासून ऐकते. तिथे टेम्पो लागतात.

आता आपण

मी सल्ले द्यायला मोठी नाही. पण घरी परतल्यावर आम्ही काही मित्रमैत्रिणींनी मिळून तीन गोष्टी ठरवल्या आहेत, त्या तुमच्यापुढे ठेवते.

पहिली, आपल्या शहराचा विकास आराखडा उघडून बघायचा. आपल्या प्रभागात बाग आणि क्रीडांगणासाठी किती भूखंड राखीव आहेत, त्यांतले किती विकसित झाले, हे माहिती अधिकारात विचारता येतं. आराखडा नव्याने होत असेल तर १९६६ च्या नगररचना कायद्याने हरकती-सूचना देण्याचा हक्क प्रत्येक नागरिकाला आहे. हा अर्ज भावनेचा नसतो, सर्व्हे नंबरचा असतो. तो भरायला शिकू या. आणि तो आपल्यापुरता नको. शेजारच्या बौद्ध वस्तीला, मराठा गल्लीलाही बाग नाहीच. सह्या एकत्र घेऊ.

दुसरी, कबरस्तान. बहुतेक गावांत आपल्या ताब्यात असलेली सर्वांत मोठी मोकळी जमीन हीच. झाड लावणं सदका-ए-जारिया आहे हे आपण ऐकत आलो आहोत. दर पावसाळ्यात रोपं लावतो, फोटो काढतो आणि मार्चमध्ये ती वाळतात. या वर्षी रोपं कमी लावू, पण प्रत्येक रोपामागे एक नाव लिहू, उन्हाळ्यात पाणी घालणाऱ्याचं. अब्बांचा प्रश्न तोच होता.

तिसरी, हुनर. कृषी विद्यापीठांत माळीकामाचे आणि फुलशेतीचे अभ्यासक्रम आहेत. तळेगाव-मावळच्या पॉलीहाऊसमधून व्हॅलेंटाइन डेसाठी गुलाब परदेशी जातात. शहरांत टेरेसच्या बागा वाढत आहेत आणि कलम बांधता येणारा माणूस मिळत नाही. ज्यांच्या घरात हे हात अजून आहेत त्यांनी ते काम आधी शिकून घ्यावं, मग हवी ती नोकरी करावी. माझ्यासकट.

अब्बा गावी गेल्यावर त्यांनी एका रोपवाटिकेतून दोन खुंट आणले, शेजारच्या पाटलांच्या दारातल्या वासाच्या गुलाबाचे डोळे मागून घेतले आणि तेलाच्या डब्यांत लावले. मी ईदला घरी गेले तेव्हा त्यांनी मला चाकू हातात दिला. माझे पहिले तीन डोळे वाळले. चौथा हिरवा आहे. रोज व्हिडिओ कॉलवर मी आधी झाडाचं बूड दाखवायला सांगते, खालून फुटवा आलाय का ते बघायला.